पालापाचोळा : जाळावा की जिरवावा?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मित्रांनी ‘छातीच्या विकारांवर काही लिहा’ असे सुचवले होते. त्या सूचनेचा मान राखूनच मी हा विषय निवडला आहे, असे म्हटले तर वाचकांना ते चटकन पटणार नाही. कारण वरचे शीर्षक एखाद्या बागकामाच्या मासिकात शोभावे असे आहे. परंतु अंगणातला वाळलेला पाला आणि दवाखान्यातला खोकला यांचे नाते माझ्या ध्यानात फार उशिरा आले. इतरांच्या ध्यानात ते थोडे लवकर यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची माघातली सकाळ. दवाखाना नुकताच उघडला होता. आमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्या सूनबाई रिक्षातून घेऊन आल्या. काकूंचे वय अठ्ठ्याहत्तर. उमेदीची वर्षे चुलीसमोर गेलेली, त्यामुळे श्वासनलिकांचा जुना विकार जडलेला. एरवी औषधांनी तो आटोक्यात असे; त्या दिवशी मात्र एक वाक्य सलग बोलणे त्यांना जमत नव्हते. ऑक्सिजनचे प्रमाण चौऱ्याऐंशीवर आले होते. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझरने औषध दिले आणि थोडा उतार पडताच त्यांना रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था केली.

मधल्या वेळात मी सूनबाईंना नेहमीचे प्रश्न विचारले. इनहेलर बंद झाला होता का, सर्दी-ताप होता का, घरात रंगकाम वगैरे काही निघाले होते का? सगळ्याला ‘नाही’ असेच उत्तर आले. मग जरा घुटमळून त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, राग मानू नका. तीन-चार दिवस झाले, तुमच्याकडचे माळीबुवा सकाळी सहालाच पाला पेटवतात. सगळा धूर आईंच्या खिडकीतून आत येतो. तुम्हाला कसं सांगायचं, म्हणून आम्ही गप्प बसलो.”

माझ्या औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे ‘धूळ व धूर टाळावा’ ही सूचना गेली कित्येक वर्षे छापलेली आहे. ती मी शेकडो रुग्णांना वाचून दाखवली आहे. आमच्या अंगणात दोन कडुनिंब, एक आंबा आणि एक पेरू. माघ-फाल्गुनात कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की झाडलोट करून एका कोपऱ्यात ढीग लावायचा आणि सकाळी पेटवून द्यायचा, ही वडिलांच्या काळापासूनची रीत. ती मी कधी तपासून पाहिलीच नव्हती. काकू चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या, ही ईश्वराची कृपा आणि रुग्णालयातील सहकाऱ्यांचे कौशल्य.

याच प्रसंगाची दुसरी बाजू मला अधिक बोचली. आमच्या माळीबुवांना दर हिवाळ्यात खोकला होत असे. मी त्यांना मोफत तपासून दोन वेळा प्रतिजैविक आणि एकदा कफाचे औषध दिले होते, आणि आपण सत्कर्म केले असे मला वाटत होते. ते रोज किती घरी काम करतात आणि प्रत्येक घरी काय पेटवतात, हे मात्र मी एकदाही विचारले नव्हते. त्यांच्या खोकल्याच्या कारणांपैकी एक माझ्याच कुंपणाच्या आत धुमसत होते.

पाल्याच्या धुरात असते तरी काय?

‘लाकूडफाट्याचा, झाडपाल्याचा धूर नैसर्गिक असतो, त्याने काही बिघडत नाही’ असा एक समज सुशिक्षित घरांतही आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. कोणत्याही वनस्पतिजन्य पदार्थाचे पूर्ण ज्वलन झाले तर मुख्यतः कर्बद्विप्राणिद वायू, पाण्याची वाफ आणि राख उरते. परंतु पाल्याचा ढीग असा जळतच नाही. पाने एकमेकांवर दाबून बसलेली, पहाटेच्या दवाने ओलसर झालेली. ढिगाच्या पोटात हवा शिरत नाही. परिणामी ज्वाळा थोडी आणि धुमसणे फार. या अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मॅल्डिहाइड व ॲक्रोलिनसारखे डोळे आणि श्वासमार्ग चुरचुरवणारे वायू, बेंझीन आणि बेंझोपायरीनच्या वर्गातील कर्ककारक द्रव्ये बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइडला रक्तातील हिमोग्लोबिनची ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते, हे आपण वैद्यकाच्या पहिल्या वर्षीच शिकतो. हृदयविकाराच्या रुग्णास तो का बाधतो, हे निराळे सांगावयास नको.

मुख्य अपराधी मात्र सूक्ष्म कण. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातल्या केसांना आणि श्वासनलिकांतील श्लेष्म्याला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते, एवढ्यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. दमा, दीर्घकालीन श्वासावरोध, हृदयविकार, पक्षाघात या सर्वांशी त्यांचा संबंध आता सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या हवेचे प्रदूषण आणि त्यातील कण यांना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात बसवले. याच संघटनेने २०२१ साली या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी असे सुचवले; आपल्या देशाने २००९ साली ठरवलेली मर्यादा ४० आहे. आपल्याकडची मर्यादाच इतकी सैल असताना तीही ओलांडण्यास आपण घरोघरी हातभार लावावा का, याचा विचार व्हावा.

यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. पहिली म्हणजे वेळ. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उबदार, अशी उलटी रचना होते. त्यामुळे धूर वर न जाता वस्तीच्या उंचीवरच पसरून राहतो. नेमक्या त्याच वेळी आपले ज्येष्ठ नागरिक फिरावयास निघालेले असतात आणि मुले शाळेच्या बसची वाट पाहत उभी असतात. दुसरी गोष्ट उंचीची. कारखान्याला निदान चिमणी तरी असते. पाल्याचा धूर थेट माणसाच्या नाकाच्या पातळीवर सुटतो. त्यातच ढिगात रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकच्या दोऱ्या मिसळलेल्या असतात. त्या जळल्या की धुराचे विष अधिकच जहाल होते.

‘धुराने डास पळतात’ हे समर्थन हमखास पुढे येते. कडुनिंबाच्या धुराने डास काही काळ दूर राहतात, हे मी नाकारीत नाही. परंतु धूर विरला की डास परततात आणि कण मात्र आपल्या फुप्फुसात मुक्कामास राहतात. ‘राख हे खतच की’ असेही म्हणतात. राखेत पालाश आणि चुना असतो, हे खरे. परंतु पानातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब आगीत उडून जातो, आणि आपल्या माळव्याच्या काळ्या मातीला खरी गरज याच कर्बाची आहे. वर्षातून एकदा मुहूर्तावर पेटणारी होळी हा श्रद्धेचा भाग झाला. महिनाभर रोज सकाळी पेटणाऱ्या ढिगाला मात्र कोणत्याही शास्त्राचा आधार नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्यापैकी अनेकांना ही बंदी अलीकडची वाटते. वास्तविक २००० सालच्या नागरी घनकचऱ्याविषयीच्या नियमांतच, कचरा आणि वाळलेली पाने जाळू नयेत, असे पानांचा स्पष्ट उल्लेख करून म्हटले होते. २०१६ सालच्या नियमांनी बागेचा कचरा प्रत्येकाने आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या निर्देशाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, असे कर्तव्य घालून दिले. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली.

आपले इंदूर २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले. शेवटच्या वर्षी हा मान सुरतेबरोबर विभागून मिळाला. नगर निगमाच्या सफाई कर्मचाऱ्यांचे श्रम आणि नागरिकांनी लावून घेतलेली वर्गीकरणाची सवय यांचे हे फळ. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज साडेपाचशे टन ओला कचरा पचवून वायू निर्माण करण्याची क्षमता असलेल्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पण एक शास्त्रीय बारकावा येथे लक्षात घ्यावा. वायू निर्माण करणाऱ्या जीवाणूंना स्वयंपाकघरातला ओला कचरा मानवतो. वाळक्या पानांतील आणि काटक्यांतील लिग्निन हे काष्ठद्रव्य त्यांना पचत नाही. म्हणजे पालापाचोळ्याचा प्रश्न वेगळाच राहतो. शिवाय हलक्याफुलक्या पानांनी गाड्या भरून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास नेणे म्हणजे मुख्यतः हवाच वाहून नेणे होय. पानाची योग्य जागा ते जिथे गळले त्या झाडाच्या आसपासच असते.

रस्त्यावर ढीग लोटणे, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टाकणे किंवा नालीत सारणे हे जाळण्याला पर्याय नव्हेत. नाली तुंबली की डासांची पैदास. प्लॉटवर ढीग साचला की उंदीर, विंचू आणि त्यांच्या मागोमाग साप. आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे एवढाच त्याचा अर्थ.

‘इंदूर पद्धती’ : आपलाच विसरलेला वारसा

या विषयावर वाचन करू लागलो, तेव्हा एका गोष्टीने मी चकित झालो आणि थोडा ओशाळलोही. पालापाचोळ्यापासून शास्त्रशुद्ध खत करण्याची जी पद्धत जगभर प्रसिद्ध आहे, तिचे नावच ‘इंदूर पद्धती’ आहे! इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत हे नाव आदराने घेतले जाते, आणि आयुष्य इंदुरात घालवूनही मला त्याची गंधवार्ता नव्हती.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. पुढे १९२४ मध्ये ते इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली आणि १९३१ पर्यंत हॉवर्ड तिचे संचालक होते. आजचे कृषी महाविद्यालय त्याच परिसरात आहे. मध्य भारतातील शेतकऱ्याला विकतचे खत परवडत नाही, शेण बहुतांशी गोवऱ्या होऊन चुलीत जाते आणि पऱ्हाट्या, धसकटे, पालापाचोळा वाया जातो, हे हॉवर्ड यांनी पाहिले. जंगलात कोणी खत घालत नाही, तरी जमीन सुपीक राहते. कारण गळलेले पान तिथेच कुजून मातीत परत जाते. निसर्गाच्या या व्यवहाराला शिस्त आणि वेग देणे, हेच त्यांच्या प्रयोगांचे सूत्र होते.

या कामात रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३१ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीच्या मूळ पुस्तकावर हॉवर्ड आणि वाड ही दोन्ही नावे लेखक म्हणून आहेत. हॉवर्ड यांना पुढे ‘सर’ हा किताब मिळाला, त्यांची कीर्ती झाली. वाड यांचे नाव मात्र मागे पडले. ते आडनाव वाचून आपल्यासारख्या मराठी वाचकाचे मन सुखावते आणि आपण त्यांना विसरलो याची रुखरुखही वाटते. आम्हा डॉक्टरांसाठी विशेष गोष्ट अशी, की वस्तीतील कचऱ्याची आरोग्यदृष्ट्या निर्धोक विल्हेवाट इंदूर पद्धतीने कशी लावावी, यावर जॅक्सन आणि वाड यांचा लेख फेब्रुवारी १९३४ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कचरा हा आरोग्याचा विषय आहे, हे त्या पिढीने ओळखले होते.

मूळ पद्धत अशी. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल असे खड्डे घेत. त्यांत मिश्र वनस्पतिज कचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि थोडी लाकडाची राख यांचे थर देत. पऱ्हाट्यांसारखा कठीण माल आधी शेतरस्त्यावर पसरत, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चेचला जाई. पाण्याचा शिपका देत, पण चिखल होऊ देत नसत. साधारण दोन आठवड्यांनी, मग महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा सगळा माल खालीवर करीत. आरंभी ढिगाचे तापमान ६५ अंश सेल्सियसच्या आसपास चढे आणि हळूहळू उतरत नव्वद दिवसांत ३० अंशांवर येई. तेव्हा खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरते, म्हणून जमिनीवरच ढीग लावत. यात गुप्त असे काही नाही. जीवाणूंना अन्न, पाणी आणि हवा यांचा योग्य पुरवठा केला की उरलेले काम तेच करतात.

घरच्या अंगणात हे कसे करावे?

आपणापैकी कोणाकडे बैल नाहीत आणि तीस फुटांचा खड्डाही शक्य नाही. परंतु तत्त्व तेच ठेवून प्रमाण लहान करता येते. मी गेली काही वर्षे जे करीत आहे, ते येथे क्रमाने देतो.

१. जागा आणि जाळी : झाडाच्या सावलीत, भिंतीपासून थोडे दूर, तारेच्या जाळीचे सुमारे तीन फूट व्यासाचे आणि तीन फूट उंचीचे गोल कडे उभे करावे. ढीग याहून फार लहान असेल तर त्यात उष्णता टिकत नाही. तळाशी काटक्या पसराव्यात, म्हणजे खालून हवा खेळते. गच्चीवर किंवा लहान आवारात भोके पाडलेले पिंप चालते.

२. वाळके आणि हिरवे : वाळक्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र अल्प, कापलेले गवत, भाजीची देठे, निर्माल्यातील फुले आणि शेण यांत नत्र अधिक. जीवाणूंना साधारण पंचवीस-तीस भाग कर्बास एक भाग नत्र असे मिश्रण मानवते. घरगुती हिशेबात तीन टोपल्या वाळका पाला, एक टोपली हिरवा माल आणि वर दोन ओंजळी जुने खत किंवा बागेतली माती. सुरुवातीस शेणाचे पातळ पाणी किंवा आंबट ताक शिंपडल्यास प्रक्रिया लवकर सुरू होते.

३. ओलावा : मूठभर माल घेऊन घट्ट पिळावा. एखाद-दुसरा थेंब पडला तर ओलावा बरोबर. धार लागली तर पाणी जास्त, हाताला ओल लागलीच नाही तर कमी. वैशाख-ज्येष्ठात आठवड्यातून दोनदा पाणी लागते. पावसाळ्यात ढीग झाकावा लागतो.

४. खालीवर करणे : पंधरा दिवसांतून एकदा पंजाने माल हलवावा. कुबट वास येऊ लागला तर हवा कमी पडली असे समजून वाळका पाला मिसळावा. चांगल्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

५. कठीण पाने : कडुनिंबाची पाने बारीक असल्याने लवकर कुजतात. आंबा, अशोक आणि फणस यांची पाने चिवट असतात. ती पायाखाली तुडवून किंवा काठीने बडवून घ्यावीत. नाहीतर वेगळ्या पोत्यात ओली करून वर्षभर तशीच ठेवावीत, म्हणजे त्यांचे उत्तम पर्णखत होते.

६. आच्छादन : ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांनी पाला गोळा करून झाडांच्या आळ्यांत चार बोटे जाडीचा पसरावा, फक्त खोडाला चिकटू देऊ नये. उन्हाळ्यात पाण्याची बचत होते, काळी माती भेगाळत नाही आणि तणही कमी उगवते. विल्हेवाटीची सर्वांत सोपी रीत हीच.

७. फांद्या : मनगटाएवढ्या जाड फांद्या घरी कुजत नाहीत. छाटणीपूर्वीच नगर निगमाकडे कळवून त्या नेण्याची व्यवस्था करावी. छाटणी करून फांद्या रस्त्यावर टाकायच्या आणि मग फोन करायचा, ही पद्धत योग्य नव्हे.

आमच्या घरी कमरेएवढा भरलेला ढीग पहिल्या तीन आठवड्यांत गुडघ्यापर्यंत खचतो आणि पावसाळा संपेपर्यंत त्यातून कुंड्यांना पुरून उरेल इतके खत निघते. पहिल्या वर्षी मात्र माझी फजिती झाली. मी केवळ वाळकी पाने भरली, पाणी घातले नाही आणि चार महिन्यांनी पाने जशीच्या तशी! माळीबुवांनी दोन बादल्या शेणाचे पाणी आणून घातले, तेव्हा कोठे गाडे पुढे सरकले.

काही सावधानता

हा लेख वैद्यकीय मंडळींच्या स्मरणिकेत येत असल्याने दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. खताच्या ढिगात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. बहुतेक निरुपद्रवी असले, तरी ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू आणि उष्णतेत वाढणारे काही जीवाणू कोरड्या ढिगाच्या धुळीबरोबर उडतात. दम्याच्या रुग्णाला त्यांची ॲलर्जी होऊ शकते. क्वचित फुप्फुसाला अतिसंवेदनशीलतेचा दाह होतो. म्हणून ढीग खालीवर करण्याआधी पाणी शिंपडावे, नाका-तोंडाला मास्क लावावा आणि वास घेण्यासाठी ढिगात तोंड घालू नये. अवयव प्रत्यारोपण झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि रक्तशर्करा अनियंत्रित असलेले रुग्ण यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. ऑस्ट्रेलियात कुंड्यांच्या मिश्रखतातून लिजिओनेलाच्या एका जातीमुळे न्यूमोनिया झाल्याचे आढळले आहे. तेव्हा काम संपताच साबणाने हात धुणे हा नियम कटाक्षाने पाळावा.

हातमोजे आणि बंद बूट आवश्यक. पाल्यात विंचू लपलेला असतो. काटा रुतल्यास धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हे पाहावे. गुलाबाच्या काट्याने झालेली आणि आठवड्यांनंतरही न भरणारी, गाठी येत वर सरकणारी जखम दिसली, तर स्पोरोट्रायकोसिसचा विचार करावा. ढिगावर प्लास्टिक झाकले असेल तर त्याच्या घड्यांत पावसाचे पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासाला तेवढे पाणी पुरते. शिजवलेले अन्न ढिगात घातल्यास उंदरांना निमंत्रणच मिळते.

तीन वनस्पतींविषयी वेगळे सांगितले पाहिजे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने त्वचेचा दाह होतो आणि परागाने नाक व श्वासमार्ग बिघडतो. बी धरलेले गाजरगवत घरच्या ढिगात घालू नये, कारण बी मरण्याइतकी उष्णता लहान ढिगात खात्रीने चढत नाही. कण्हेर, पांढरी असो वा पिवळी, तिच्या फांद्या तर जाळूच नयेत. तिच्यातील हृदयावर परिणाम करणारी विषे धुरातूनही अपाय करू शकतात. आपल्याकडे बागेची छाटणी गाईपुढे टाकण्याची पुण्यप्रद प्रथा आहे. तिच्यात कण्हेर किंवा घाणेरीची पाने गेली, तर गाईच्या जिवावर बेतते. गवत घालावे, परंतु निवडून.

आपण डॉक्टरांनी काय करावे?

प्रथमतः रुग्णाचा वृत्तांत घेताना एक प्रश्न वाढवावा : ‘तुमच्या घराजवळ पाला किंवा कचरा जाळतात का, आणि कोण जाळते?’ धूम्रपान आणि चूल यांविषयी आपण विचारतो, याविषयी विचारत नाही. माळी, सफाई कामगार, चौकीदार हे रुग्ण आले, तर त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्यावी. पहाटे शेकोटीसाठी पाला पेटवणाऱ्या चौकीदाराला उपदेश करण्यापेक्षा एक उबदार जॅकेट द्यावे. ते अधिक प्रभावी ठरते.

दुसरे म्हणजे, आरंभ स्वतःच्या आवारापासून व्हावा. रुग्णालय, नर्सिंग होम आणि दवाखान्याभोवतीची झाडलोट कोठे जाते, हे मालक म्हणून आपण पाहिले पाहिजे. मात्र रुग्णालयातील जैववैद्यकीय कचऱ्याचा कणही बागेच्या ढिगात मिसळणार नाही, याची काटेकोर दक्षता घ्यावी.

तिसरे, माळ्याचा मेहनताना. पाला पेटवणे हे दहा मिनिटांचे काम. तो जाळीत भरणे, भिजवणे, खालीवर करणे हे तासाभराचे काम आहे. श्रम वाढवायचे आणि पैसे तेवढेच ठेवायचे, तर आपली पाठ वळताच काडी ओढली जाईल आणि दोष त्याचा असणार नाही. मी आमच्या माळीबुवांना हे काम वेगळे धरून वेगळे पैसे देऊ लागलो. आता त्यांनीच आणखी तीन घरी जाळ्या बसवल्या आहेत. गेल्या दोन हिवाळ्यांत ते खोकल्यासाठी माझ्याकडे आलेले नाहीत. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला समजते. तरीही त्याची नोंद करावीशी वाटते.

शेवटी शेजारधर्माविषयी एक शब्द. काकूंच्या घरची मंडळी चार दिवस गप्प राहिली, ती संकोचाने. ‘डॉक्टर आहेत, वडीलधारे आहेत, त्यांना कसे बोलावे?’ आपल्या समाजात असा संकोच बराच असतो, आणि त्याची किंमत अशक्त फुप्फुसांना मोजावी लागते. म्हणून तक्रार येण्याची वाट न पाहता आपणच भिंतीपलीकडे विचारावे, ‘आमच्याकडून काही त्रास होत नाही ना?’ मी ते विचारावयास गेलो, तेव्हा काकू हसून म्हणाल्या, “धूर गेला, आता थोडं खत पाठव. तुळशीला घालीन म्हणते.” तेव्हापासून खत निघाले की पहिले घमेले त्यांच्याकडे जाते.

यंदाचा माघ आला की वाचकांच्याही अंगणात पाने गळतील. काडीपेटी हाताशी असेलच. ती उचलण्यापूर्वी भिंतीपलीकडच्या खिडकीकडे एकदा पाहावे, एवढीच नम्र विनंती.